घरची विचारपूस

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२ पासून जगभर तो पाळला जातो. आपल्या देशात त्याला वेगळं वजन आलं ते २०२२ मध्ये, कारण त्या वर्षी याच तारखेला ‘टेली मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ लावायचा, भाषा निवडायची आणि दिवसा-रात्री केव्हाही, एक पैसाही न देता समुपदेशकाशी बोलायचं. बंगळूरूची ‘निम्हान्स’ तिची सूत्रं सांभाळते. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं तर ‘आयकॉल’च्या रूपानं हे काम २०१२ सालीच हाती घेतलं होतं. आता व्हिडिओ कॉलवर तासाचे पैसे घेऊन बोलणारे खासगी समुपदेशकही गल्लोगल्ली झाले आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची पायरी चढलो तर लोक काय म्हणतील, या धास्तीनं वर्षानुवर्षं घरातच कुढत राहिलेल्या माणसाला हातातल्या फोनवर मदत मिळू लागली, याचं मोल आम्ही मुळीच कमी लेखत नाही.

तरीही आजच्या दिवशी एक प्रश्न विचारायलाच हवा. पलीकडे फोन उचलणारं माणूस कोण आहे, आणि फोन ठेवल्यावर ते काय करतं?

आमच्या मते या सेवेचा कणा अनुभवी सामाजिक कार्यकर्ताच असायला हवा. डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांची गरज आहेच. पण मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या समाजकार्याची जी शिस्त आहे, ती फोनवरच्या कामाला सर्वांत जास्त उपयोगी पडते, आणि नेमकी तीच आपल्याकडे दुय्यम मानली जाते. ही विद्या मुंबईला नवी नाही. समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६ मध्ये इथंच नागपाड्यात सुरू झाली; तीच आजची टाटा संस्था. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला, तोही देशात पहिला. औषध लागू पडूनही रोगी पुन्हा त्याच खाटेवर का येतो, याचं उत्तर बहुतेकदा त्याच्या घरात असतं. ते शोधायला घरी जाणारं, सासूशी आणि शेजाऱ्यांशी बोलणारं कुणीतरी लागतं. सरकारी रुग्णालयांत हे काम करणाऱ्यांना ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं या कामासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. अशी पात्रता घातली आहे.

अशा मुरलेल्या कार्यकर्तीची कॉलवरची पहिली पाच मिनिटं ऐकण्यासारखी असतात. ‘काय त्रास होतोय?’ हा प्रश्न नंतर येतो. आधी ती विचारते, ‘ताई, आत्ता कुठं बसलायत? दार लागतं का? घरात कोण आहे?’ एका खोलीच्या घरात राहणारी बाई गच्चीच्या जिन्यात, इअरफोन लावून, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे पाठ करून बोलत असते. मग दोघींमध्ये एक खूण ठरते. कुणी जवळ आलं तर बाईनं ‘गॅसवर दूध ठेवलंय’ म्हणायचं, की कार्यकर्ती तिथंच थांबते आणि परत कधी बोलायचं ते फक्त हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारते. कॉल कट झाला तर कुठल्या नंबरवर लावू, घरातल्या कुणाला कळवलेलं चालेल आणि कुणाला अजिबात नाही, जवळचा दवाखाना कुठला, हे सगळं आधी लिहून घेतलं जातं. समोर माणूस बसलेला असतो तेव्हा यातलं अर्धं न विचारता दिसतं. फोनवर ते विचारूनच कळतं, आणि विचारायचं सुचायला हाताखालून शेकडो घरं गेलेली असावी लागतात.

शेतकरी कुटुंबातला फोन असला तर ती फवारणीच्या औषधाबद्दल विचारते. डबे घरात आहेत की गोठ्यात, कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे? जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्याला ती आडवळणानं न जाता सरळ विचारते आणि ती किल्ली आजच्या आज भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे द्यायला लावते. असा विचार पुष्कळदा काही वेळात ओसरतो. तेवढ्या वेळात डबा हाताशी नसणं, यावर एक जीव तगतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यात सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातल्या होत्या.

मनातलं दुखणं लोक आपापल्या बोलीत सांगतात. जीव घाबराघुबरा होतो, डोकं बधिर झालंय, कशात राम वाटत नाही. ते ऐकून घेताना कार्यकर्ती त्यामागचा व्यवहारही ऐकत असते. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लागलं का? मारहाण होत असेल तर २००५ च्या कायद्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे गेलात का? मुलाचा आजार जुना आणि गंभीर असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज केला का? २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, हे किती कुटुंबांना ठाऊक असतं? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये अडकला असेल तर त्या घरातली रात्रीची झोप नुसत्या श्वसनाच्या व्यायामानं येणार नाही. दुःखाचं मूळ पैशात, जमिनीत किंवा मारहाणीत असताना माणसाला फक्त ‘सकारात्मक विचार करा’ सांगणं हा त्याच्यावर केलेला अन्यायच आहे.

फोनची मर्यादाही तीच ओळखते. भास होत असलेला, दिवसचे दिवस न जेवलेला, दारूच्या नशेत घरच्यांवर धावून जाणारा माणूस कॉलवर सांभाळता येत नाही. तिथं मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावं लागतं, कारण औषध लिहून देणं तिचं काम नाही. आणि कधी कुणाला तरी प्रत्यक्ष त्या घरी धाडावं लागतं. इथंच आपली व्यवस्था लंगडी पडते. ही मर्यादा ओळखण्याचं शिक्षण नसतानाही ‘समुपदेशक’ अशी पाटी आज कुणीही लावू शकतो. समाजकार्याच्या या शाखेसह अनेक आरोग्य-व्यवसायांच्या नोंदणीची तरतूद २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहे. राज्यानं ती नोंदवही लवकर पूर्ण करून लोकांना पाहता येईल अशी ठेवावी. तोवर पैसे भरण्याआधी समोरच्याचं शिक्षण, अनुभव आणि तो कुणाच्या देखरेखीखाली काम करतो हे विचारायला कुणीही संकोचू नये. चांगल्या कार्यकर्त्याला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सामाजिक कार्यकर्त्याचं पद आहे. ते कंत्राटी मानधनावर, दर वर्षी मुदतवाढीची वाट बघत चालवणं योग्य नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरचं ओझं कानांवर घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या नोकरीचा भरवसा हवा, आणि ते ऐकलेलं कुणापाशी तरी मोकळं करायला वरिष्ठ हवा. तो नसला की दोन-तीन वर्षांत मुरलेली माणसं काम सोडतात आणि फोनवर पुन्हा नवशिके बसतात.

या सेवांचा हिशेब आज किती कॉल आले यावर दिला जातो. आठवड्यानं पुन्हा त्याच कार्यकर्त्याचा फोन किती जणांना गेला, जिल्हा रुग्णालयात पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर पोचले, किती घरी कुणी जाऊन आलं, हे आकडे राज्याच्या आरोग्य विभागानं जिल्हावार जाहीर करावेत. पुढच्या १० ऑक्टोबरची वाट न पाहता दर तीन महिन्यांनी करावेत.