पोरांच्या डोक्याला दोष देऊ नका

भोर तालुक्यातल्या हिर्डस मावळातलं पोरगं तिसरीत गेलं तरी अडखळत वाचतं, आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो : डोकंच नाही त्याला. शिक्षक म्हणतात, घरी कुणी शिकलेलं नाही. शिकून पुण्याला गेलेला भाऊबंद म्हणतो, आपल्या पोरांना अभ्यासाची गोडीच नाही. ऐकून ऐकून आईसुद्धा तेच बोलू लागते. हा निकाल खोटा आहे आणि तो देण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण या खटल्यात आरोपी आपण आहोत.

अमेरिकेत किंबर्ली नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०९९ मुलामुलींच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. निष्कर्ष २०१५ साली छापून आले. आईबापांचं शिक्षण आणि घरचं उत्पन्न जास्त, तिथे मेंदूच्या बाह्य आवरणाचं क्षेत्रफळ सरासरीने जास्त. भाषा आणि वाचनाचं काम चालतं त्या भागांत हे ठळक दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली. अगदी गरीब घरांत उत्पन्नाच्या थोड्याशा फरकाबरोबर मेंदूतला फरक मोठा होता. सुखवस्तू घरांत तेवढ्याच पैशाने फारसं काही बदलत नव्हतं. एकेका मुलाचं भविष्य यावरून सांगता येत नाही. पण जन्मावरून अक्कल ठरवायची आपली खोड जुनी. पूर्वी पोथी दाखवत होतो, आता मेंदूचा फोटो दाखवू, ही माझी भीती आहे.

पण तो फोटो बदलतो. २०१८ साली रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी वाचनात मागे पडलेल्या मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे कसून शिकवलं. गरीब घरांतली मुलं जास्त सुधारली, आणि सुधारलेल्यांच्या मेंदूचं आवरण काही भागांत जाड झालेलं आढळलं. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर बायका सहा महिने देवनागरी वाचायला शिकल्या, तेव्हा त्यांच्याही मेंदूतल्या जोडण्या बदललेल्या दिसल्या. तो अभ्यास २०१७ चा. बाई तिशीत शिकते, आणि आपण आठ वर्षांच्या पोराचं दार लावून घेतो!

याच मावळातल्या हिर्डोशी गावाच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीत जा. घरात छापलेलं काय सापडतं? भिंतीवरचं कॅलेंडर, रेशनकार्ड, विजेचं बिल, गोळ्यांचं पाकीट, खुंटीला अडकवलेली लग्नपत्रिका. पोरगं पत्रिकेवर बोट ठेवतं आणि ‘चि. सौ. कां.’पाशीच अडतं. विचारायचं कुणाला? बाप पुण्यात कामाला, आई दिवसभर लावणीच्या चिखलात वाकलेली. मात्र हेच पोरगं नाचणी कुठल्या उताराला पिकते, वरी कुठे, कुठल्या वाटेला जळवा लागतात, हे न थांबता सांगतं. भाषा त्याच्याकडे भरपूर आहे. तिला कागदापर्यंत नेणारं माणूस नाही.

मुलाच्या बोलण्याला प्रतिसाद, त्यावर त्याचा पुन्हा प्रतिसाद, अशा देवाणघेवाणीने मेंदूतला भाषेचा भाग जास्त जागा होतो, असंही रोमिओंच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. गप्पांना पैसा लागत नाही, पण सवड लागते. ती सवड कुणी खाल्ली? नीरा-देवघर धरणासाठी मावळाने जमिनी दिल्या. बरंचसं पाणी फलटण, माळशिरसच्या रानांसाठी. खाली ऊस उभा राहावा आणि वर आईने मोलमजुरीला जावं, हा व्यवहार आपण न्याय्य मानला.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं : सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामाचा, आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. सगळ्या देशाला लागू होणारा तसा कायदा व्हायला २००९ साल उजाडलं. आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. नमुना म्हणून दाखवली ती तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातली पानशेतची शाळा. मोठ्या शाळेत सोयी चांगल्या असतील. पण मावळातल्या पावसात ओढा फुगला की सहा वर्षांची मुलगी त्या शाळेत पोचणार कशी? ती घरीच बसेल, आणि दोन वर्षांनी आपण म्हणू, हिला डोकं नाही.

सरकारला दोष देऊन आपली सुटका नाही. मंदिराच्या जीर्णोद्धाराला मुंबई-पुण्याचे चाकरमानी हजारांच्या पावत्या फाडतात. मीही त्यांच्यातलाच, आणि देवाला द्यावं याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच गावच्या शाळेत पुस्तकं पेटीत कुलूपबंद असतात, कारण पोरं फाडतील आणि तपासणीत कमी भरतील. फाटू द्या! फाटलेलं पुस्तक कुणीतरी हाताळलेलं असतं.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्चायचा असतो. तो कशावर खर्ची पडला, ते ग्रामसभेत उभं राहून विचारा. जत्रेच्या वर्गणीतून पुस्तकांचा वाटा काढा. दहावी-बारावी झालेली एखादी सून गावात असतेच; तिला मानधन द्या, पेटीची किल्ली तिच्याकडे द्या आणि रोज दिवेलागणीला तासभर समाजमंदिर उघडं ठेवा.