काटेरी झुडपांतील एकत्र कुटुंब

माळावरील बाभळीच्या काट्यांत मळकट रेशमाचा भोंकाभोंकांचा गुंडाळा अडकलेला दिसतो. ओसाड जळमट समजून लहानपणीं आम्हींहि तो काठीनें पाडलेला आहे. वस्तुतः तें स्टेगोडायफस सारासिनोरम या नखाएवढ्या कोळ्याचें घर होय. कोळी हा एकलकोंडा प्राणी खरा. परंतु येथें शेकडों माद्या एकत्र नांदतात, नाकतोडा अडकला कीं मिळून ओढतात, एकमेकींचीं पिलेंहि पोसतात. अखेर तींच पिलें आयांना खाऊन टाकतात! (हें वाचून दाखवितांच घरांतील आजीबाई गालांत हंसल्या.) परंतु असला माळ ‘पडीक’ ठरवून नांगरतात, झुडपें जाळतात. आमच्या फिरावयाच्या वाटेवरील चार घरें यंदा अशींच गेलीं.