क्वेरी चालली, पुढे काय?

डीबीएमएसच्या सबमिशनचा सीझन आला की होस्टेलमध्ये एकच फाईल पहिल्या रूमपासून शेवटच्या रूमपर्यंत फिरते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती परंपरा आहे! तक्रार आहे ती प्रॅक्टिकलमधल्या टेबलाबद्दल. 'स्टुडंट' नावाचं टेबल, त्यात दहा ओळी. क्वेरी लिहा, जावातून चालवा, स्क्रीनवर दहा ओळी दिसल्या की सरांची सही. अहो, दहा ओळींवर कुठलाही प्रोग्राम चालतो.

खरी गंमत क्वेरी चालल्यानंतर सुरू होते. रिझल्टसेटवर 'नेक्स्ट' म्हटलं की पुढची ओळ मिळते, म्हणून आपल्याला वाटतं की सर्व्हरकडून एकेक ओळ येतेय. पण पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर, त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर, अख्खा रिझल्ट आधीच आपल्या मेमरीत आणून ठेवतो. मायएसक्यूएलचंही तेच. ओरॅकलचा ड्रायव्हर मात्र मुळातच दहा-दहा ओळी आणतो. मेसच्या भाषेत सांगायचं तर एक वाढपी अख्खी टोपली ताटात उपडी करतो आणि दुसरा दोन-दोन पोळ्या वाढत फिरतो. दहा पोळ्यांत फरक कळत नाही. वीस लाख ओळी असल्या की मात्र पहिली ओळ हातात येण्याआधीच प्रोग्राम 'आउट ऑफ मेमरी' म्हणून मान टाकू शकतो.

यावर 'सेटफेचसाइझ' हा उपाय आहे. पण पोस्टग्रेसमध्ये ऑटोकमिट बंद केल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि लागू झाला नाही हे कुणी सांगतही नाही. मायएसक्यूएलमध्ये ओळी एकेक करून मागवल्या तर सगळ्या वाचून होईपर्यंत किंवा रिझल्टसेट बंद करेपर्यंत त्या कनेक्शनवर दुसरी क्वेरी टाकता येत नाही. म्हणजे काय निवडायचं हे कामावर ठरतं, आणि ते ठरवायची वेळ आपल्या लॅबमध्ये येतच नाही.

त्याहून वाईट प्रकार 'नल'चा. मार्कांच्या कॉलममध्ये गैरहजर मुलापुढे नल असतं. 'गेटइंट'ने ते वाचलं तर शून्य मिळतं! एरर नाही, वॉर्निंग नाही. लगेच 'वॉजनल' विचारलं तरच खरं कळतं. समजा चौघांपैकी तिघांना ६०, ७०, ८० आणि चौथा गैरहजर. एसक्यूएलचं एव्हरेज नल वगळून ७० देतं. आपण जावात लूप फिरवून काढलं तर ५२.५. टेबल एक, सरासऱ्या दोन, आणि दोन्ही प्रोग्राम 'रन' होतात म्हणून दोघांनाही सही! आमच्या कॉन्व्हेंटमधल्या टीचरसुद्धा रिपोर्ट कार्डवर 'एबी' लिहायच्या, भोपळा नाही.

काही जण म्हणतात, आता हे सगळं फ्रेमवर्क बघतं. पण हायबरनेटच्या खालीही तोच जेडीबीसी असतो, त्यामुळे मेमरी संपली की शोधायला खालीच उतरावं लागतं.

म्हणून सरांना विनंती, कर्सरची व्याख्या व्हायव्हात जरूर विचारा, पण टेबलात दोन-चार लाख ओळी आणि थोडे नल टाकून द्या. पोस्टग्रेसमध्ये 'जनरेट सिरीज' वापरून ते एका ओळीचं काम आहे. टेबल भरायला लॅबमध्ये थांबायची माझी तयारी आहे, फक्त मेस बंद व्हायच्या आत सोडा.