साधा की भोळा?

माझा भाचा सुरतेला भरतकामाच्या कॉम्प्युटर मशीनवर आहे. उधन्याला राहतो. शेजारीपाजारी सगळे खानदेशी, महापालिकेच्या मराठी शाळासुद्धा आहेत. तेव्हा 'तिथं आपलं बोलणार कोण?' ही आमच्या आईची काळजी पहिल्या महिन्यातच मिटली. पण या दिवाळीला तो आला तो चिनी शब्दांची वही घेऊन!

"मावशी, मशीन चीनची. २०२० नंतर तिकडच्या तंत्रज्ञांना व्हिसा मिळणं अवघड झालं, तेव्हापासून तो फोनवर बघून सांगतो आणि हात आमचे चालतात. सुई-दोरा बोटानं दाखवता येतो, माणूस कसा आहे ते कसं दाखवायचं?"

म्हणून वहीत सगळी स्वभावाची विशेषणं. सावध म्हणजे 'श्याओशिन', शब्दशः लहान हृदय. आपल्याकडे लहान मनाचा म्हटलं तर भांडण होईल! मदतीला धावणारा तो 'रशिन', म्हणजे गरम हृदयाचा. निष्काळजीला 'माहू', ते लिहायला घोडा आणि वाघ अशी दोन अक्षरं. का, ते विचारू नका.

व्याकरण मात्र आईला माझ्याआधी कळलं. 'ता हन लाओशी' म्हणजे तो प्रामाणिक आहे. यात 'आहे' नाहीच. 'हन' म्हणजे खरं तर 'खूप', पण तिथं त्याला फारसं वजन नसतं. आई हुबळीकडची. म्हणाली, "त्यात काय? 'अवनु ओळ्ळेयवनु' म्हणताना आम्ही तरी 'आहे' कुठं लावतो?" शिवाय मुलगा-मुलगी दोघांना विशेषण एकच, जसं ओळ्ळे हुडुग, ओळ्ळे हुडुगी. आमचं चांगला-चांगली-चांगलं ऐकून चिनी माणूस पळूनच जाईल.

गोम निघाली ती त्या 'लाओशी'तच. नव्या मशीनवर शिकवायला एक हेल्पर निवडायचा होता. तंत्रज्ञानं विचारलं, हा मुलगा कसा? भाच्यानं मित्राची मनापासून शिफारस केली, 'हन लाओशी'. पलीकडचा जरा थांबला आणि दुसऱ्याचं नाव पुढं गेलं. नंतर उलगडा झाला. त्या शब्दात प्रामाणिकपणाबरोबर भोळसटपणाही येतो, सरळ आहे पण डोकं चालणार नाही असा. आणि सूर चुकला तर तोच शब्द 'शिक्षक' होतो, ते निराळंच.

आई हळहळली, "पाप!" भाचा दचकला. त्याला कन्नड येत नाही. मी सांगितलं, अरे, पाप म्हणजे बिचारा. तुझ्या मित्राला म्हणतेय, तुला नव्हे.

तो मित्र अजून हेल्परच आहे, आणि भाच्याला ते खुपतंय. वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं मोठ्या अक्षरांत एक नवा शब्द लिहिलाय, 'काओदजू'. ज्याला टेकून उभं राहता येईल असा. तिसरं मशीन संक्रांतीनंतर येणार आहे.