अडकित्ता कुणाच्या हातातला?

गेल्या हिवाळ्यात आम्ही सोलापूरच्या काही विडी कामगार बायका एका सभेसाठी पुण्याला गेलो होतो. परतीच्या गाडीला चार तास होते, म्हणून शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरलो. ‘तिकीट काढून भांडी काय बघायची?’ अशी कुरकुर झाली. पण आत गेल्यावर कुणाचा पाय निघेना.

दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास या वस्तू जमवायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. पत्नी कमलाबाईंची या सगळ्यात साथ होती. पुढे संग्रह राज्य सरकारकडे सोपवला. आज तिथे २०,०००हून अधिक वस्तू आहेत, पैकी २,५००च्या आसपास मांडलेल्या. तलवारी आणि तसबिरी जमवणारे पुष्कळ असतात. या माणसाने अडकित्ते, वज्री, दिवे, फण्या, कुंकवाचे करंडे जमवले. बाईच्या हातात दिवसभर असणारी वस्तू बघण्यासारखी असते हे त्याला कळलं. हे मोठंच काम, यात शंका नाही.

तरी मैत्रिणींनो, एक गोष्ट मनात रुतून बसली. अडकित्त्याला पोपट, घोडे, नटलेली जोडपी. पाय घासायच्या साध्या वज्रीवरसुद्धा पक्षी. घडवणाऱ्या कारागिराचं नाव कुठे उरलेलं नाही, आणि रोज तो अडकित्ता चालवून ज्या बोटांना घट्टे पडले त्या बाईचं तर नाहीच नाही. हा दोष एका संग्रहालयाचा नव्हे. वस्तू जपावी, वापरणारीला विसरावं, ही जगभरातली रीत आहे. काही मैत्रिणी म्हणतात, नक्षी म्हणजे कष्टांवर चढवलेला मुलामा. मला ते पूर्ण पटत नाही. आपल्या आज्ज्यांना सुंदर वस्तू हातात धरायला आवडत असणारच. पण सुपारी कातरायची तिने आणि विडा रंगायचा दिवाणखान्यात, हेही तितकंच खरं.

आमच्यातली एक अक्का कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली ती १०,००० घरं. २००६ साली ताब्यात आली. अक्का काचेपाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, ‘ताई, माझी कात्री इथं ठेवली तर कुणी बघंल का? तिला नक्षी नाही.’

मी काय सांगणार? तेंदूचं पान कापायची कात्री, मापाचा पत्रा, मांडीवरचं सूप. विणकराच्या घरात बायका-मुली ज्यावर कांड्या भरत तो रहाट. सोलापुरी चादरीचं कौतुक सगळ्यांना, पण कांड्या भरणं हे काम आहे असं घरातही कुणी मानलं नाही. ते ‘मदत’ या खात्यात गेलं. मजुरी अर्थातच नवऱ्याच्या नावावर.

या वस्तू आपणच जमवायला हव्यात, आणि त्या मोडीत जाण्याआधी. आमच्या कार्यालयातलं एक कपाट रिकामं केलं आहे. वस्तूबरोबर बाईचं नाव (तिची हरकत नसेल तर), किती वर्षं वापरली, दिवसाला किती काम झालं आणि मजुरी काय मिळाली, एवढं लिहून आणा. अक्काची कात्री मात्र अजून आलेली नाही. ती रोज लागते.