नाव कोणाचे लिहायचे?

बोटांनी बाकावर एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असा ठेका धरून पाहा. 'एक'वर थोडा जोर द्या. मिन्युएट नावाच्या जुन्या फ्रेंच नाचाचा हा ठेका आहे. त्या नाचातले एक पूर्ण पाऊल सहा मात्रांत पडे, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या एका आवर्तनाइतके. (दोघांचे काही नाते आहे, असे मात्र समजू नका.)

याच ठेक्यातला एक छोटासा मिन्युएट पियानो शिकणारी जगभरची मुले वाजवतात. तो जी मेजर या सुरावलीत आहे. उजव्या हाताची चाल वरच्या सुरावरून एकदम खाली येते, पायरी-पायरीने चढून पुन्हा तिथेच पोहोचते आणि मग खालच्या सुरावर दोनदा ठोका देते. सुरुवातीचे हे पाचही सूर पाच बोटांखाली बसतात. तोवर डावा हात सावकाश चालतो. नुसत्या बोटांच्या कवायतीने मुले कंटाळतात; इथे नाच असल्यामुळे कवायत कधी झाली हे कळतही नाही. नवशिक्यांना सोपे द्यावे, पण असे खरेखुरे द्यावे, असे मला वाटते.

आता मुद्द्याकडे येऊ. हा मिन्युएट कोणाचा? अनेक पुस्तकांत उत्तर छापलेले असे : योहान सेबास्टियन बाख. बाख हा जर्मनीचा थोर संगीतकार. त्याची पत्नी आना माग्दालेना स्वतः गायिका होती. घरात वाजवायच्या रचना उतरवून घेण्यासाठी तिची एक वही होती. तिच्यावर १७२५ हे साल आहे. त्या वहीत बाखच्या रचना आहेत, त्याच्या मुलाचे सुरुवातीचे प्रयत्न आहेत आणि इतरांच्या आवडलेल्या चालीही आहेत. या मिन्युएटवर कोणाचेच नाव नव्हते. वही बाखच्या घरची, तेव्हा चालही बाखची, असे पुढच्या लोकांनी धरून चालले. १९६५ साली अमेरिकेतील 'द टॉईज' या तीन गायिकांनी ही चाल चार मात्रांत बसवून गायिली आणि ते गाणे खूप गाजले. तेव्हाही लोक तिला बाखचीच चाल समजत.

१९७० नंतरच्या दशकात संशोधकांनी दाखवून दिले, की हा मिन्युएट ड्रेस्डेन शहरातील ऑर्गनवादक ख्रिस्टियान पेट्झोल्ट याचा आहे. तो १७३३ साली वारला. त्याच्या फारच थोड्या रचना आज उरल्या आहेत.

यात बाखने काही चोरले का? मुळीच नाही. घरातली वही ही घरच्यांसाठी असते. तुम्हीही आवडलेला शेर वहीत उतरवता आणि कधी शायराचे नाव लिहायचे राहून जाते. चूक झाली ती पुढे, विचारपूस न करता नाव छापणाऱ्यांची.

कोणी म्हणेल, चाल तीच, गोडीही तीच. नावाने काय फरक पडतो? बाखला पडत नाही, हे खरे. त्याच्याकडे शेकडो रचना आहेत. पण ज्याच्याकडे मूठभरच उरले आहे, त्याच्या हातून त्यातलीही एक जावी? तुमचा निबंध शाळेच्या भित्तिपत्रकावर वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाच्या नावाने लागला, तर 'निबंध तर तोच आहे' या उत्तराने तुमचे समाधान होईल का? म्हणून आता तरी पुस्तकांनी पेट्झोल्टचे नाव स्पष्ट छापावे. 'बाखच्या वहीतून' एवढेच लिहून वेळ मारून नेऊ नये.

त्याच वहीत पेट्झोल्टचा आणखी एक मिन्युएट आहे, जी मायनर सुरावलीतला, किंचित उदास. दोन्ही जोडीचे आहेत. आधी पहिला, मग दुसरा आणि पुन्हा पहिला, अशी ते वाजवण्याची रीत आहे. शिकवणाऱ्यांनी दोन्ही वाजवून घ्यावेत. दुसऱ्याच्या उदास सुरांनंतर पहिला परत येतो, तेव्हा तो अधिकच आनंदी वाटतो.