पत अशी मोजतात होय?

दिवाळीला नातू गावी आला, तो आपला संगणक घेऊनच. फराळाचे ताट बाजूला सारून तो एका काल्पनिक राज्यात तलवार गाजवीत होता. मध्येच म्हणाला, "आबा, या नगरीत माझी पत वाढली!" मी विचारले, "असे केलेस तरी काय?" "कापडाचे गठ्ठे नेऊन दिले." "कोणाला?" "नाव नाही पाहिले. नगरीला दिले."

वाचकहो, मी खेळांचा वैरी नाही. सोंगट्यांपायी जेवण विसरणाऱ्यांपैकी मी एक. पण पतीचा हा हिशेब मला मान्य नाही.

आमचे घर वसमत तालुक्यातले, हळद पिकवणारे. मी लहान असताना वडिलांनी एकदा नीट न वाळलेली हळद घाईने बाजारात नेली. आडत्याने पोत्यात हात घालताच ओळखली. पैसे कापले, व्यवहार मिटला. पत मात्र मिटली नाही. पुढे तीन वर्षे तो आमचे पोते तळापर्यंत उपसून पाही. शेजारच्या आडतीवर ही गोष्ट पोचायला हंगाम लागला, आणि पोचेपर्यंत ओल्या हळदीची भेसळीची हळद झाली होती! तिसऱ्या आडत्याने मात्र ती ऐकून घेतली आणि "त्यांच्या हातून तसे व्हायचे नाही" म्हणून सोडून दिली. बाजार एक, चूक एक, पण पती तीन!

आता खेळ पाहा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ सालच्या खेळात द्वेषापासून परमादरापर्यंत आठ पायऱ्या आहेत, आणि कापड देत राहिले की नगरीची मर्जी वाढत राहते. ही पत नव्हे, खरेदी झाली. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये प्रत्येक प्रांताचा गुन्ह्याचा हिशेब वेगळा, हे ठीक. पण दंड भरला की पाटी कोरी, आणि शेवटचा साक्षीदार मारला की गुन्हाच नाहीसा! २०१० च्या 'फॉलआउट : न्यू वेगास'ने निदान भल्याचे आणि बुऱ्याचे खाते वेगळे ठेवले, एकाने दुसरे पुसले जात नाही. त्याला माझा नमस्कार. पण तिथेही पत जडते ती टोळीला, माणसाला नव्हे.

नातू म्हणाला, "आबा, सगळ्यांची आठवण सांभाळत बसले तर खेळायचे कधी?" सगळ्यांची कशाला? प्रत्येक गटात आठवण ठेवणारी चारच माणसे असू द्या. बातमी पायी चालू द्या, वाटेत थोडी बदलू द्या. आणि आकडा दाखवू नका. समोरचा आपले पोते कसे उघडतो, त्यावरून खेळणाऱ्याने आपली पत ओळखावी.

हे नुसते खेळापुरते नाही. औंढ्याच्या नागनाथापुढून नर्सीच्या नामदेवांना ज्यांनी मागे घालवले, त्यांनी माणूस पाहिला नाही, जात पाहिली. मग देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आपल्याकडची आख्यायिका आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी सबंध जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला; संशय त्याच्याबरोबर गेला नाही. आणि पुष्कळ खेळांत आजही कातडीचा रंग हिरवा दिसला, की पहारेकरी नाव न विचारता तलवार उपसतो. मुलांनी सुट्टीभर हाच धडा गिरवायचा काय?

रात्री नातवाने खेळ थांबवून विचारले, "आबा, त्या तिसऱ्या आडत्याचे नाव काय होते हो?" साठ वर्षे झाली, तरी ते मला चटकन सांगता आले. त्याचे कापड घेणाऱ्याचे नाव मात्र त्याला अजून आठवत नाही.